चौथा कोपरा

रविवारी दुपारी जेवायला बसण्याआधी टेबल ठोकायचं, हा या घराचा नियम होता. देवापुढचा दिवा एखादे वेळी राहून जायचा, पण टेबल ठोकायचं कधी राहायचं नाही.

आबांनी ते टेबल केलं तेव्हा एक खिळा मारला नव्हता की चिकटवायला सरसाचं बोट लावलं नव्हतं. प्रत्येक पायाला खाच, खाचेत आडवी पट्टी आणि ती हलू नये म्हणून तिच्यात लाकडाची पाचर. चार पाचरी उपसल्या की टेबलाच्या फळ्या होणार, फळ्यांना दोरी आवळली की निघालं सामान. पुढच्या वर्षी आपल्या देशी परतच जायचं होतं ना! घरातला पलंग, कपाट, चपलांची मांडणी, सगळं त्याच बेतानं केलेलं. बाहेर लोकांच्या घरांना आबांनी जन्मभर असे जिने बसवले, अशा चौकटी बसवल्या, की एक वेळ भिंत पडेल पण चौकट जागची हलणार नाही. स्वतःच्या घरात मात्र सगळं सामान उठायच्या तयारीत बसलेलं.

या गावची थंडी लांबलचक. खोल्या तापवून तापवून हवा कोरडी व्हायची, लाकूड आकसायचं आणि पाचरी सैल पडायच्या. म्हणून हा रविवारचा उद्योग. मोगरी, म्हणजे लाकडी हातोडी, घ्यायची आणि चार कोपऱ्यांना चार ठोके द्यायचे. तीन कोपरे टक करून बोलायचे आणि स्वयंपाकघराच्या बाजूचा चौथा नुसता ठप म्हणायचा. लहानपणी आबांच्या थोरल्यानं आणि त्याच्या बहिणीनं त्याचं गाणं केलं होतं: ‘टक टक टक ठप, आता जेवा गप.’ पुढे थोरल्याच्या मुलीनं तेच म्हटलं. चौथा कोपरा ठप का म्हणतो, हे कुणी कधी विचारलं नाही. कोंबडा कुकूच का म्हणतो, हे तरी कोण विचारतं?

त्या रविवारी पानं पाचच होती, पण सूनबाईंनी, थोरल्याच्या बायकोनं, भात सातजणांचा टाकला होता. मन ठिकाणावर नसलं की त्यांचा हात सढळ व्हायचा. एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्याच्या त्या प्रमुख. दिवसभर पांढऱ्या चादरींच्या घड्या घालणाऱ्या पंधरा बायकांना एका नजरेत ठेवणारी ही बाई घरातल्या चार माणसांपुढे मात्र हतबल झाली होती.

कारण ठकी जाणार होती. थोरल्याची एकुलती एक मुलगी, इथंच जन्मलेली. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची म्हणून आबांनी ठकी नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आता ती कृत्रिम हातपाय बनवायची. तिकडच्या, आपल्या देशातल्या, एका कार्यशाळेत तिला काम मिळालं होतं. वर्षा-दोन वर्षांसाठी असतं तर कुणी काही बोललं नसतं. ती कायमची जाते म्हणत होती. आणि आबांना बरोबर नेते म्हणत होती. “तुम्हाला परत जायचंय ना आबा? मग चला. आता पुढचं वर्ष नको, हेच वर्ष.” आबांनी विचार करायला आठवडा मागितला होता. आज ते काय ते सांगणार होते.

“वहिनी, तू मध्ये पडू नकोस,” ठकीच्या आत्याबाई कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या. त्या मुद्दाम लवकर आल्या होत्या. त्यांचं केस कापायचं दुकान होतं. समोरच्याची मान आपल्याला हवी तशी वळवायची त्यांना सवयच होती. “म्हातारपणी त्यांना त्यांची माती दिसू दे. दादा चिडेल, चिडू दे. मी आहे ठकीच्या बाजूनं.”

“वन्सं, मी कुणाच्याच बाजूनं नाही. आबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोण देणार तिकडे? ही पोरगी स्वतः दुपारचं जेवण विसरते.”

“गोळ्या काय, तिकडेही मिळतात.”

“गोळ्या मिळतात हो. आठवण करणारं माणूस मिळत नाही.”

आत्याबाईंनी कोथिंबिरीची काडी जराशी जोरातच मोडली. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि वहिनीच्या आलं होतं, याचा त्यांना थोडा राग आला.

बाहेरच्या खोलीत थोरला मोगरी हातात घेऊन टेबलापाशी उभा होता. कधी नव्हे तो. टेबल ठोकायचं काम त्यानं दहाव्या वर्षी सोडलं होतं. त्यामागं सायकलीचं प्रकरण होतं; ते इथं सांगायला हरकत नाही, कारण थोरला स्वतः ते दर दोन महिन्यांनी सांगायचाच. त्या वर्षी परत जायचं अगदी पक्कं झालं होतं. तिकिटं आली होती, ट्रंका खाली काढल्या होत्या. थोरल्यानं आपली निळी सायकल शेजारच्या दोस्ताला देऊन टाकली. आणि मग एके दिवशी आबा कामावरून आले, जेवले आणि म्हणाले, यंदा नको, पुढच्या वर्षी जाऊ. का ते सांगितलं नाही. दिलेली सायकल परत कशी मागायची? दोस्त पुढची तीन वर्षं तीच सायकल घंटी वाजवत याच्या दारावरून न्यायचा.

आज थोरला इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं बाहेर काढायचा. “आमचं सगळं घरच दोन मजल्यांच्या मध्ये अडकलंय,” असं तो गमतीनं म्हणायचा; पण त्यात गंमत थोडीच होती.

“ठोक की,” ठकी म्हणाली. “भूक लागलीये.”

“आधी बोलू. मग जेवू.”

आबा आपल्या खुर्चीत बसले होते. ताजी दाढी केलेली, कानामागं सवयीनं खोचलेली पेन्सिल. खिडकीतून समोरच्या घराच्या जिन्याकडे बघत होते. तो त्यांनीच बसवलेला.

“आबांना बोलू दे,” आत्याबाई पदराला हात पुसत आल्या.

“आबांचं मला ठाऊक आहे. आबा जन्मभर तेच म्हणत आलेत. मला हिचं कळू दे.” थोरला मुलीकडे वळला. “काय कमी पडलं तुला इथं?”

“कमी नाही पडलं, बाबा.”

“मग? मी बारा-बारा तास लिफ्टच्या खड्ड्यात काढले ते कशासाठी? तू जन्मलीस इथं, शिकलीस इथं. तुला कुणी परकी म्हणू नये म्हणून.”

“म्हणतात.” ठकीचा आवाज शांत होता. “परवा एका आजोबांच्या पायाचं माप घेत होते. छान गप्पा चालल्या होत्या. मध्येच म्हणाले, मूळची कुठली गं तू? मी म्हटलं, इथलीच, मागच्या गल्लीतली. म्हणाले, ते झालं गं, पण मूळची? वाईट नव्हता तो माणूस. पण मला उत्तर देता येईना. मला एकदा तिथं राहून बघायचंय जिथं हा प्रश्न नसतो.”

“तिथं नसतो?” आत्याबाई फिस्सकन हसल्या. आपण ठकीच्या बाजूच्या आहोत हे त्या क्षणभर विसरल्या. “अगं, मी मागं गेले होते ना, तर भाजीवाली मला बघताक्षणी म्हणाली, बाहेरून आलात का? मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. म्हटलं, कशावरून? तर म्हणाली, तुम्ही रांग लावून उभ्या राहिलात.”

सूनबाईंनाही हसू आलं. थोरल्याला मात्र आलं नाही.

“बघ. आत्यासुद्धा सांगतेय. आणि तू कुणाचं स्वप्न बघतेस ते तरी कळतंय का? हे तुझं नाही. हे आबांचं आहे. लहानपणापासून यांच्या मांडीवर बसून तू विहीर आणि आंब्याची झाडं ऐकलीस. मीही ऐकली. आम्ही भिंतीवर साधी तसबीर लावली नाही, माहितीये? खिळा मारायचा नाही, परत जायचंय! अर्धं आयुष्य मी पाहुण्यासारखा राहिलो स्वतःच्या घरात.”

“म्हणूनच तर, बाबा. मला पाहुणी नाही व्हायचं. इथंही नाही, तिथंही नाही.”

हे वाक्य आपलं असायला हवं होतं, असं थोरल्याला वाटून गेलं. पण राग चढलेला माणूस उतरायला जिना शोधत असतो आणि त्याला तो दिसला नाही.

“आणि जाताना मला हे टेबल हवंय,” ठकी म्हणाली. “सामानाची पेटी जहाजानं जाणारच आहे. याच्या फळ्या त्यात मावतील. आबांनी न्यायलाच केलंय ना ते?”

“टेबल?” आत्याबाई एकदम उभ्या राहिल्या. “टेबल कुठं न्यायचं नाही हं!”

“आत्या, आबांना न्यायला तुझी हरकत नाही आणि टेबलाला आहे?”

“आबा माणूस आहेत. जातील, येतील. आईच्या हातची हळद आहे त्या लाकडात.” आणि मग त्यांच्या आवाजातलं पाणी उतरलं. “आबांनाही नको. मी काय वेडी आहे का! मघाशी वहिनी बोलली आणि मला कळलं. दादा, मी तुझ्या बाजूनं.”

“घ्या,” सूनबाई पुटपुटल्या. “आमटी उकळायच्या आत पक्ष बदलला.”

थोरल्याला बहिणीचा पाठिंबा मिळाला, पण तो त्याला हवा तिथं मिळाला नाही. टेबलाचं कौतुक त्याला कधीच नव्हतं. “नेऊ दे तिला टेबल!” तो म्हणाला. “आत्ताच सोडवू. जन्मभर सोडवायला ठेवलंय, एकदा सुटू तरी दे. आबा, सोडवू?”

आबांनी खिडकीवरची नजर काढली. मुलाकडे पाहिलं, मग नातीकडे.

“सोडवा,” ते म्हणाले.

ताटं पुन्हा ओट्यावर गेली. सूनबाईंनी जुनी गोधडी अंथरली, कारण काहीही झालं तरी फरशीवर ओरखडा पडलेला त्यांना चालत नव्हता. दोघांनी मिळून टेबल उलटं केलं. चार पाय वर करून ते गोधडीवर पडलं. थोरल्यानं पहिली पाचर मागून ठोकली. ती दोन ठोक्यांत बाहेर आली. दुसरीही आली. तिसरी जरा कुरकुरली, पण आली. तीन पाय हलवून हलवून काढून भिंतीला टेकवले. ठकीनं पट्ट्या बाजूला रचल्या. इतकं सोपं होतं ते! एवढ्याशा वेळात आपण सगळे खरंच उठून गेलो असतो, असं थोरल्याच्या मनात आलं.

चौथी पाचर हलेना. त्यानं जोर लावला. ठप. पुन्हा ठप. पट्टी धरून पाय पिळून पाहिला, तर अख्खं टेबल गोधडीसकट फिरलं.

“थांब बाबा, फुटेल.” ठकी गुडघ्यांवर बसली. सांधे हेच तिचं काम. माणसाचा पाय आणि लाकडाचा पाय, तपासायची रीत एकच: आधी बोटांनी बघायचं. तिनं खाचेच्या कडेवरून नख फिरवलं. तपकिरी, काचेसारखी कडक एक रेघ लागली. तिनं ती ओली करून बोटाचा वास घेतला. “हा सरस आहे. आबा, इथं सरस लावलाय.”

“छे,” थोरला म्हणाला. “आबा आणि सरस? या घरात?”

आबांनी पेन्सिल कानामागून काढून खिशात ठेवली.

आत्याबाई मात्र खाली बसल्या. एकदम, धप्पकन, गोधडीच्या काठावर. “दादा, तो वास आठवतो का तुला? ट्रंका खाली काढलेल्या, तेव्हाचा? मी शाळेतून आले तर घरभर घाणेरडा वास. मी विचारलं तर आई म्हणाली, दूध करपलं. मला तेव्हाच वाटलं होतं, करपलेल्या दुधाचा वास असा नसतो. आणि तिच्या बोटाला फडकं बांधलेलं होतं.”

स्वयंपाकघरात आमटीवरचं झाकण थडथडत होतं. सूनबाई उठून गॅस बंद करून आल्या आणि तशाच दारात उभ्या राहिल्या.

“आईनं?” थोरल्यानं विचारलं.

“मी त्या दिवशी कामावरून आलो,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. “रविवार नव्हता, पण निघायच्या आधी एकदा पाचरी बघाव्यात म्हणून टेबल ठोकायला घेतलं. टक, टक, टक. चौथ्याला ठप. सुताराला कळतं रे. मोकळी पाचर वेगळी बोलते, चिकटलेली वेगळी. मी वर पाहिलं. ती भात वाढत होती. माझ्याकडे बघेना. तिनं तोंडानं कधी मला नाही म्हटलं नव्हतं. परत जाऊ म्हटलं तेव्हाही बरं म्हणाली होती. ट्रंका तिनंच पुसल्या. मग मी जेवलो आणि म्हटलं, यंदा नको.”

“आणि तिला काही विचारलं नाहीत?” सूनबाईंनी दारातूनच विचारलं.

“काय विचारायचं? सांगून झालं होतं तिचं.”

“मग चारही कोपरे का नाही चिकटवले आजीनं?” ठकीनं विचारलं.

“सरस संपला असेल,” आत्याबाई नाक ओढत म्हणाल्या.

“डबा अर्धा शिल्लक होता. मी बघितला.” आबांच्या चेहऱ्यावर बारीक हसू आलं. “एक पाय तिनं धरून ठेवला. बाकीचे तीन माझ्यावर सोडले.”

थोरला मोगरी घेऊन तसाच उभा होता. त्याच्या डोळ्यांपुढे आई नव्हती, निळी सायकल होती. ती आता वळून परत येत होती. “म्हणजे माझी सायकल आईमुळे गेली,” तो म्हणाला. “आणि मी जन्मभर तुमच्यावर राग धरून बसलो.”

“माझ्यावर होता तेच बरं होतं. तिच्यावर धरला असतास तर तिला सोसलं नसतं.”

थोरल्याला रडू आलं. चारचौघात, मुलीसमोर. त्यानं ते लपवलं नाही. मोगरी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही, म्हणून तिच्यासकट हातानं डोळे पुसले.

ठकी अजून खाचेपाशीच बसली होती. “पण आबा,” ती हळूच म्हणाली, “हा साधा सरस आहे. गरम पाण्यानं मऊ पडतो. वाफ दिली तरी सुटेल. तुम्हाला माहिती होतं ना?”

“सरसाचं मला तू सांग आता!” आबा म्हणाले. “ती गेली त्या वर्षी एकदा तापवलंही होतं पाणी. किटली घेऊन आलो इथपर्यंत. आता कुणासाठी राहायचं, म्हटलं. जाऊ आपलं. किटली हातात धरून बराच वेळ उभा राहिलो.”

“मग?”

“मग त्याचा चहा केला.”

सूनबाईंना हसू आणि हुंदका एकदमच आला. त्या तोंडाला पदर लावून आत वळल्या आणि पुन्हा लगेच बाहेर आल्या, कारण आत राहून काही ऐकायचं चुकवण्यासारखी ही वेळ नव्हती.

“मी येत नाही, ठकी,” आबा म्हणाले. “आठवडा मागितला तो येऊ का नको म्हणून नाही. तुला कसं सांगू म्हणून. तू एवढ्या हौसेनं म्हणालीस. मी परत जायचंय म्हणत राहिलो, कारण ते म्हटल्याशिवाय मला सकाळी उठता यायचं नाही. पण जायचं राहिलं नव्हतं. ते त्याच दिवशी संपलं.”

ठकीचा चेहरा उतरला. तिनं मान खाली घातली. दोघांनी मिळून विमानात बसायचं, आबांनी बोट दाखवत गावात शिरायचं, हे सगळं तिनं मनात रंगवून ठेवलं होतं. “मग मीही नको जाऊ का?”

थोरल्यानं श्वास धरला. एका शब्दानं काम होणार होतं. म्हातारा नको म्हणाला की पोरगी राहणार, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं.

“असं कुठं म्हटलं मी?” आबा म्हणाले. “तू जा. तुझं काम आहे तिथं. पण माझं टेबल घेऊन जाऊ नकोस. ते चुकीचं झालंय. तिथं गेलीस की नवीन करून घे. आणि पहिल्या दिवशीच सरस लाव.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर मोडून ये. मोडलेलं टेबल परवडतं, पोरी. डुगडुगणाऱ्यावर जन्म काढू नये.”

थोरल्यानं धरलेला श्वास सोडला. त्याला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. पण राग शोधून पाहिला तर तो सापडेना. “मग आता तुम्ही इथलं नागरिकत्व तरी घ्याल का, आबा?” त्यानं विचारलं. “दर वेळी परदेशी माणसांच्या रांगेत उभे राहता.”

“ते नाही. जन्मलो तिथला, मरेनही तिथलाच. राहतो फक्त इथं. उभं राहायला मला काही त्रास नाही, पाय चांगले आहेत.” आबा खुर्चीचा हात धरून उठले. “सूनबाई, जुनं पातेलं दे एखादं. ज्याला पुन्हा वापरायचं नाही असं. सरस तापवायचाय.”

“आत्ता? आमटी गार होतेय.”

“होऊ दे. एवढी वर्षं थांबलं काम.”

मग जे झालं ते नीट शिस्तीत झालं. आबांच्या पेटीत सरसाचे खडे होते. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा आणि डब्यात सरस. थोड्या वेळानं तो वास घरभर पसरला आणि आत्याबाई म्हणाल्या, “हाच! हाच तो,” आणि पुन्हा रडल्या. थोरल्यानं टेबलाचे पाय धरले, ठकीनं खाचा साफ केल्या, आबांनी ब्रशनं सरस लावला आणि पाचरी बसवल्या. ओघळलेला सरस सूनबाईंनी ओल्या फडक्यानं टिपला. डाग पुसायला त्यांना सांगावं लागत नाही. टेबल सरळ उभं केलं.

“उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही,” आबा म्हणाले.

म्हणजे जेवायचं खाली. गोधडी तिथंच अंथरलेली होती. पाच ताटं तिच्यावर आली. आबांना भिंतीला टेकून बसवलं, पाठीशी उशी दिली.

“मग मी काय नेऊ?” ठकीनं विचारलं. “काहीतरी तर हवं ना इथलं.”

थोरल्यानं मोगरी उचलली. तिच्या दांड्यावर तीन पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत खळगा पडला होता. त्यानं ती मुलीच्या ताटाशेजारी ठेवली. “ही ने. इथं आता हिचं काम राहिलं नाही.”

वाढून झालं. भात भरपूर होता. तरीही कुणी घास उचलेना. सगळे ताटापुढे हात जोडल्यासारखे बसून राहिले. काय अडलंय ते आधी कुणाच्याच लक्षात येईना आणि मग सगळ्यांच्या एकदमच आलं. सगळेजण ठोक्यांची वाट बघत होते.

आबा थोरल्याकडे बघत होते. थोरला मोगरीकडे वळला, मग थांबला. त्यानं उजव्या हाताची मूठ केली आणि गोधडीवर, खालच्या फरशीपर्यंत पोचेल अशी, चार वेळा आपटली.

ठप. ठप. ठप. ठप.

“आता जेवा गप,” आबा म्हणाले. पण गप कुणीच बसलं नाही.